मानेच्या हिशेबात मांडी

माझी आत्या एक किस्सा गेली चाळीसेक वर्षं सांगत आलीय. १९८१ साली तिला थायरॉइडचा त्रास सुरू झाला. वजन भराभर उतरलं, हात थरथरायचे, रात्री छातीत धडधड. डॉक्टरांनी परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरला पाठवलं. तिथे एक घोटभर पाण्यासारखं काहीतरी प्यायला दिलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावलं. दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसवलं, शिशाच्या नळकांड्यातलं एक यंत्र मानेसमोर आणलं आणि आकडे मोजले. इथपर्यंत ठीक. मग तेच यंत्र खाली घेऊन तिच्या मांडीसमोर धरलं आणि पुन्हा तेवढाच वेळ मोजलं. "अरे, दुखणं मानेत, आणि हे मोजतायत मांडी! मला वाटलं शिकाऊ पोरगा आहे," असं म्हणून ती दर वेळी हसते, आणि आम्हीही दर वेळी हसतो.

हा किस्सा मी विसरलो होतो. गेल्या शनिवारी मामेबहिणीचा फोन आला. ती मुंबईतल्याच एका प्रयोगशाळेत पीएचडी करते. "दादा, तुला स्क्रिप्टं लिहायला येतात ना, एक काम करशील? मला एक जनुक शरीरात कुठे कुठे चालू असतं आणि कुठे अजिबात नसतं त्याची यादी हवीय. कंट्रोल ठरवायचेत."

"कुठलं जनुक?"

"एसएलसी-५-ए-५. थायरॉइडचं आहे."

थायरॉइड म्हटल्यावर आत्या आठवली, आणि तिची मांडी. वीकेंड गेला त्यातच.

आधी कंट्रोल म्हणजे काय ते सांगतो, आपल्या भाषेत. समजा तुम्ही एक टेस्ट लिहिलीत आणि ती पास झाली. पण ती प्रत्येक इनपुटला पासच होते का, हे तुम्ही बघितलंत का? जी नक्की फेल व्हायला हवी ती केस चालवून बघितली का? आणि टेस्ट फेल झाली, तर जी शंभर टक्के पास व्हायला हवी ती तरी होतेय का? जीवशास्त्रात याला निगेटिव्ह आणि पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणतात. एखादं प्रथिन गाठीत आहे का हे रंग चढवून तपासायचं असेल, तर शेजारी अशा टिश्यूचा काप ठेवायचा जिथे ते नक्की आहे, आणि अशाचा जिथे ते नक्की नाही. पहिल्यात रंग चढला पाहिजे, दुसऱ्यात चढता कामा नये. मग मधल्या गाठीबद्दल बोला. अडचण "नक्की" या शब्दात आहे. आपल्या प्रत्येक पेशीत जवळजवळ सगळी जनुकं असतातच, पण कुठलं कुठे चालू आहे ते टिश्यूगणिक वेगळं. ते कळणार कसं?

आत्याच्या मांडीचं उत्तर इथेच आहे. तिला प्यायला दिलेलं होतं किरणोत्सारी आयोडीन, अगदी थोडं. आयोडीन रक्तात जातं आणि थायरॉइड ग्रंथी ते ओढून घेते. किती ओढलं हे मोजलं की ग्रंथी किती जोरात काम करतेय ते कळतं. पण यंत्र मानेसमोर धरलं तर ते फक्त ग्रंथी मोजत नाही. मानेत रक्तही आहे, स्नायूही आहेत, आणि त्या रक्तातही थोडं आयोडीन फिरतंय. ते वजा करायला हवं. त्यासाठी शरीराचा असा भाग हवा जो साधारण मानेइतका जाड, रक्त-स्नायू तसेच, आणि ज्यात थायरॉइड नक्की नाही. मांडी!

मग हिशेब सोपा आहे. जेवढा डोस पेशंटला दिला तेवढाच मानेच्या आकाराच्या एका ठोकळ्यात ठेवून, त्याच अंतरावरून मोजायचा. समजा खोलीतली पार्श्वभूमी वजा जाता तिथे १०,००० आले, पेशंटच्या मानेला ६,२०० आणि मांडीला ४००. तर ग्रंथीत गेलेलं आयोडीन ५८ टक्के. (आकडे माझे, पद्धत त्यांची.) डोसानंतर दोन-चार तासांत मोजलं तर मांडीचा वाटा बराच मोठा असतो. चोवीस तासांनी तो खूप कमी होतो, कारण उरलेलं बरंचसं लघवीवाटे निघून गेलेलं असतं.

म्हणजे तो शिकाऊ पोरगा वगैरे नव्हता. तो निगेटिव्ह कंट्रोल घेत होता.

ते आयोडीन आलं कुठून? तर तुर्भ्याहून. ट्रॉम्बे हे तुर्भे या नावाचंच इंग्रजांच्या तोंडातलं रूप. नवी मुंबईतलं तुर्भे वेगळं, ते खाडीपलीकडे. रिक्षावाल्याला नीट सांगा. चेंबूर-देवनारच्या पुढे, डोंगर आणि खाडीच्या मध्ये, १९५० च्या दशकात होमी भाभांनी अणुऊर्जा संस्था उभी केली. ४ ऑगस्ट १९५६ ला अप्सरा ही अणुभट्टी चालू झाली, १० जुलै १९६० ला सायरस, ८ ऑगस्ट १९८५ ला ध्रुव. तुर्भे म्हटलं की आपल्याला बॉम्ब किंवा वीज आठवते. पण अप्सरापासूनच तिथे आणखी एक माल तयार होत होता, तो म्हणजे किरणोत्सारी समस्थानिकं. त्यातलं एक आयोडीन-१३१.

ते बनवण्याची रीत मला फार आवडली. टेल्युरियम नावाचं एक मूलद्रव्य आहे, त्याचं ऑक्साइड डब्यात भरून अणुभट्टीत ठेवायचं. टेल्युरियमच्या अणूने एक न्यूट्रॉन गिळला की तो अस्थिर होतो आणि थोड्याच वेळात आपोआप आयोडीन-१३१ बनतो. मग डबा बाहेर काढून, जाड शिशाच्या भिंतीआड, यांत्रिक हातांनी तो तापवायचा. आयोडीन चटकन उडून जातं, टेल्युरियम मागे राहतं. उडालेलं आयोडीन पकडून बाटलीत भरायचं.

आणि मग धावायचं. कारण त्याचा अर्धायुकाल आठ दिवसांचा. आठ दिवसांत निम्मं, चोवीस दिवसांत आठवा हिस्सा, ऐंशी दिवसांत हजारावा हिस्सा उरतो. बाटलीवर नुसतं किती आहे ते लिहून चालत नाही, कुठल्या तारखेला किती ते लिहावं लागतं. दुधाच्या पिशवीवर तारीख असते तसं, फक्त इथे नासण्याचं गणित दशांशापर्यंत ठाऊक असतं. हा माल गोदामात साठवता येत नाही, परदेशातून मागवला तर विमानतळावर अडकून पडण्यातच निम्मा संपणार. देशात अणुभट्टी असण्याचा पेशंटला थेट फायदा होतो तो हा. परळचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ साली भाभांच्या संस्थेनेच काढलं, टाटा हॉस्पिटलच्या अंगणात म्हणा ना. तुर्भ्याहून परळ, गाडीने तासा-दीड तासाचा रस्ता (तेव्हा बहुतेक कमी). १९८१ मध्ये ध्रुव अजून चालू व्हायची होती, तेव्हा आत्याने जे प्यायलं त्यावर बहुधा सायरसचे न्यूट्रॉन पडले असणार. हे तिला सांगितलं तर म्हणाली, "चव मात्र काहीच नव्हती."

आता थोडं मागे जातो. थायरॉइडमध्ये आयोडीन असतं हे जर्मनीतल्या ऑयगेन बाउमान यांनी १८९५ च्या सुमारास शोधलं होतं. नोव्हेंबर १९३६ मध्ये बॉस्टनला हार्वर्डच्या मेडिकल स्कूलमध्ये एमआयटीचे अध्यक्ष कार्ल कॉम्प्टन यांचं एक व्याख्यान झालं, भौतिकशास्त्र जीवशास्त्रासाठी काय करू शकतं या विषयावर. श्रोत्यांत सॉल हर्ट्झ नावाचा एक तरुण डॉक्टर होता, थायरॉइडवर काम करणारा. त्याने प्रश्न विचारला, आयोडीन कृत्रिमरीत्या किरणोत्सारी करता येतं का? एका प्रश्नातून अख्खी शाखा सुरू होण्याची उदाहरणं कमी असतात, हे एक. पुढे हर्ट्झ आणि आर्थर रॉबर्ट्स यांनी सशांना आयोडीन-१२८ दिलं आणि ससे थायरॉइडमध्ये ते साठवतात हे १९३८ मध्ये छापलं. पण आयोडीन-१२८ चा अर्धायुकाल २५ मिनिटांचा. प्रयोग करेपर्यंत अर्धं गायब.

तिकडे कॅलिफोर्नियात जोसेफ हॅमिल्टन नावाचा डॉक्टर याच अडचणीत होता. त्याने ग्लेन सीबोर्ग या रसायनशास्त्रज्ञाला सांगितलं, मला साधारण आठवडाभर टिकणारं आयोडीन हवंय. अगदी दुकानात जाऊन सांगावं तसं. सीबोर्ग आणि जॉन लिव्हिंगूड यांनी १९३८ मध्येच टेल्युरियमवर मारा करून आठ दिवसांचं आयोडीन-१३१ काढून दिलं. तेच टेल्युरियम, जे पुढे तुर्भ्याला वापरलं. मार्च १९४१ मध्ये हर्ट्झने पहिल्या पेशंटला उपचार म्हणून किरणोत्सारी आयोडीन दिलं.

या सगळ्या काळात एक गोष्ट स्कॅनमध्ये सतत दिसत होती. आयोडीन थायरॉइडमध्ये जातं हे खरं, पण लाळग्रंथीही उजळतात आणि जठरही. आणि बाई अंगावर पाजत असेल तर आयोडीन दुधात उतरतं, म्हणून तिला ते देत नाहीत. म्हणजे शरीराने स्वतःच एक यादी बनवून दाखवली होती, हे जनुक कुठे चालू आहे त्याची. फक्त ते जनुक आहे हेच कोणाला ठाऊक नव्हतं! लॉग फाइल समोर, पण सोर्स कोड हातात नाही, असं सुमारे पन्नास वर्षं चाललं.

सोर्स कोड सापडला १९९६ मध्ये. न्यूयॉर्कच्या अल्बर्ट आइन्स्टाइन कॉलेजात नॅन्सी कॅरॅस्को यांच्या गटाने तो शोधला, आणि ज्या रीतीने शोधला ती वाचून मी खुर्चीतून उठून एक फेरी मारून आलो. त्यांच्याकडे उंदराच्या थायरॉइडच्या पेशी होत्या, एफआरटीएल-५ नावाच्या. या पेशी आयोडीन ओढतात. म्हणजे त्यांच्यातल्या हजारो चालू जनुकांपैकी एक आयोडीनचा पंप बनवतं. कुठलं? तर बेडकाच्या अंड्यांना कामाला लावायचं. बेडकाचं अंडं स्वतः आयोडीन ओढत नाही (हा निगेटिव्ह कंट्रोल), पण त्याला कुठलाही आरएनए टोचला की ते निमूटपणे त्याचं प्रथिन बनवतं. १९८९ मध्येच या गटाने दाखवलं होतं की थायरॉइड पेशींचा आरएनए टोचला की अंडं आयोडीन ओढू लागतं. मग सगळ्या जनुकांच्या प्रतींचे गठ्ठे केले, एकेक गठ्ठा अंड्यांत टोचला. ज्या गठ्ठ्याने अंडं आयोडीन ओढेल तो घ्यायचा, त्याचे लहान गठ्ठे करायचे, पुन्हा टोचायचे. असं करत करत शेवटी एकच प्रत हातात. आपल्या भाषेत शोधाशोध करून बग असलेला कमिट पकडणं, फक्त बेडकाच्या अंड्यांवर! आणि प्रत्येक पायरीला परक्लोरेट घालून बघता येतं. हे रसायन थायरॉइडचा पंप बंद पाडतं. परक्लोरेट घातल्यावर ओढ थांबली तरच तो आपला पंप.

पंपाचं नाव पडलं सोडियम-आयोडाइड सिम्पोर्टर, थोडक्यात एनआयएस. त्याचं जनुक म्हणजे एसएलसी-५-ए-५. मामेबहिणीचं.

आता तिचा खरा प्रश्न. २००० साली याच गटाने नेचर मेडिसिनमध्ये छापलं की दूध येणाऱ्या स्तनात एनआयएस असतं आणि स्तनाच्या कर्करोगाच्या तपासलेल्या नमुन्यांपैकी ८० टक्क्यांहून जास्त नमुन्यांतही दिसतं. याचा अर्थ काय होऊ शकतो बघा. थायरॉइडच्या कर्करोगावर किरणोत्सारी आयोडीन हा एक फार जुना आणि फार चांगला उपचार आहे, कारण औषध स्वतःच घर शोधत जातं. शरीरभर पसरलेल्या थायरॉइडच्या गाठीसुद्धा ते हुडकतं. तोच उपचार स्तनाच्या कर्करोगाला लागू पडला तर? तुर्भ्याची तीच बाटली, तोच आठ दिवसांचा माल. खारघरच्या ॲक्ट्रेकमध्येही एनआयएस आणि स्तनाचा कर्करोग यावर संशोधन झालं आहे.

पण गोष्ट अडकली. प्रत्यक्ष पेशंटच्या स्कॅनमध्ये आयोडीन ओढणाऱ्या गाठी मोजक्याच निघाल्या. मग कापांवर रंग तर इतका कसा दिसतो? एक उत्तर असं की पंप बनतो पण पेशीच्या आतच अडकून राहतो, भिंतीवर येत नाही, म्हणून आयोडीन आत येत नाही. हे असेल तर आशा आहे, त्याला भिंतीवर आणायचं औषध शोधता येईल. दुसरं उत्तर कडू आहे, की पेशीच्या आत दिसणारा तो रंग एनआयएसचा नाहीच. रंग चढवायला वापरलेली अँटिबॉडी भलत्याच कशाला चिकटतेय. २००९ मध्ये एका गटाने थायरॉइड आणि स्तन दोन्हींच्या कर्करोगांचे नमुने तपासून साधारण हेच म्हटलं. हा वाद सोडवायचा तर अँटिबॉडीला असा काप दाखवायला हवा जिथे एनआयएस नाहीच आहे. तिथेही रंग चढला तर झालं. एखाद्या बाईला आयोडीन देऊन बघावं की केमोवर वेळ घालवू नये की उलट, हे ठरवणाऱ्या साखळीच्या अगदी टोकाला ही एक साधी गोष्ट आहे. शेजारचा काप कुठला ठेवला होता?

आणि शेजारचा काप चुकतो. चांगल्या चांगल्यांचा चुकतो. बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत १९५१ मध्ये हीला पेशी पहिल्यांदा वाढल्या. आपल्या पुण्याच्या कमल रणदिवे, ज्यांनी नंतर परळच्या कॅन्सर संशोधन केंद्रात टिश्यू कल्चरची प्रयोगशाळा उभी केली आणि स्तनाच्या कर्करोगावर काम केलं, त्या १९४९ च्या पीएचडीनंतर याच गाय यांच्याकडे शिकायला गेल्या होत्या. तर या हीला पेशी इतक्या जोमाच्या निघाल्या की जगभर दुसऱ्यांच्या बाटल्यांत शिरल्या. १९६६ मध्ये स्टॅनले गार्टलर यांनी दाखवलं की वेगवेगळ्या माणसांच्या, वेगवेगळ्या टिश्यूंच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या डझनाहून जास्त पेशींमध्ये एका एन्झाइमचा एकच विशिष्ट प्रकार आहे, हीलात असतो तोच. म्हणजे लोक यकृत समजून, आतडं समजून, एकाच बाईच्या गर्भाशयमुखाच्या पेशींवर काम करत होते.

तुम्ही म्हणाल, १९६६ची गोष्ट. मग ही २००८ ची ऐका. थायरॉइडच्या कर्करोगाच्या म्हणून जगभर वापरल्या जाणाऱ्या ४० पेशींच्या डीएनएचे ठसे घेतले गेले. वेगळ्या निघाल्या फक्त २३. त्यातल्या काही तर थायरॉइडच्या नव्हत्याच. एआरओ नावाने प्रसिद्ध असलेली पेशी मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची निघाली, एनपीए नावाची त्वचेच्या मेलॅनोमाची. किती तरी पेपर या पेशींवर उभे होते. मला यात सगळ्यात जास्त खुपलं ते हे, की थायरॉइडची ओळख सांगणारी जनुकं, थायरोग्लोब्युलिन वगैरे, या पेशींमध्ये दिसत नाहीत तेव्हा लोकांनी समजूत करून घेतली की कर्करोग वाढला की पेशी आपली ओळख विसरते. विसरते हे खरंही आहे. म्हणून तर कोणी शंका घेतली नाही. आपण नाही का म्हणत, प्रॉडक्शनला असंच होतं, सोडून दे.

तर मामेबहिणीची यादी. आता यासाठी बेडूक लागत नाही. जीटेक्स नावाचा अमेरिकी प्रकल्प आहे, २०१० मध्ये सुरू झालेला. २०२० मध्ये त्यांनी जो मोठा संच छापला त्यात ९४८ दाते, शरीरातल्या ५४ जागा, १७,३८२ नमुने. प्रत्येक नमुन्यात प्रत्येक जनुकाचा आरएनए किती, त्याचा आकडा. स्वीडनचा ह्यूमन प्रोटीन ॲटलस आहे, तो बहुतेक प्रथिनांसाठी रंगवलेल्या कापांचे फोटोच दाखवतो. दोन्ही फुकट. स्क्रिप्ट लिहायला दहा मिनिटं लागली. एसएलसी-५-ए-५ साठी वर आलं काय? थायरॉइड, जठर, लाळग्रंथी. म्हणजे परळच्या डॉक्टरांना स्कॅनवर जे दिसायचं तेच. मी खूश होऊन फाइल पाठवली.

दहा मिनिटांनी फोन. "दादा, यात स्तन जवळजवळ शून्य दाखवतंय."

"मग छान, निगेटिव्ह कंट्रोल मिळाला की."

"अरे, हे नमुने कोणाचे आहेत बघितलंस का?"

नव्हतं बघितलं. जीटेक्सचे दाते मृत व्यक्ती आहेत, मरणोत्तर नमुने दिलेले प्रौढ, आणि त्यातले सुमारे दोन तृतीयांश पुरुष. स्तनाच्या नमुन्यांतही पुरुष आहेत. त्यात मूल अंगावर असलेली बाई असण्याची शक्यता किती? आणि हे जनुक तर स्तनात चालू होतं ते मुख्यतः तेव्हाच. तक्ता खोटं बोलत नव्हता, मी त्याला विचारलेला प्रश्न त्याला कळलाच नव्हता. डेटाबेसमध्ये रो नाही म्हणजे जगात वस्तू नाही असं धरून चालणारा मी, वीस वर्षं याच धंद्यात!

तिने मग मला आणखी दोन फटके दिले. एफआरटीएल-५, ती पॉझिटिव्ह कंट्रोलची राणी, तिच्या पाण्यात टीएसएच हे संप्रेरक घालायला विसरलात तर तिचा पंप उतरत जातो आणि तुमचा पॉझिटिव्ह निगेटिव्ह होतो. आणि एमसीएफ-७ ही स्तनाच्या कर्करोगाची पेशी एरवी आयोडीन ओढत नाही म्हणावं इतकी थंड, पण रेटिनॉइक आम्ल घातलं की तिच्यातलं एनआयएस जागं होतं, हे २००० मध्ये छापून आलंय. म्हणजे एकाच बाटलीतल्या पेशी दोन ताटलीत वाटायच्या, एकीत औषध घालायचं, एकीत नाही. पार्श्वभूमी तीच, माणूस तोच, फरक फक्त औषधाचा. ती हेच वापरणार आहे.

शिवाय आरएनए आहे म्हणजे प्रथिन आहे असंही नाही, आणि प्रथिन दिसलं म्हणजे ते असेलच असंही नाही. २०१४ मध्ये नेचरच्या एकाच अंकात माणसाच्या प्रथिनांचे दोन मोठे नकाशे आले. एक म्युनिकचा, दुसरा अखिलेश पांडे यांच्या गटाचा, ज्यात बंगळूरच्या इन्स्टिट्यूट ऑफ बायोइन्फर्मॅटिक्सचा मोठा हात होता. ३० प्रकारचे नमुने, १७,२९४ जनुकांची प्रथिनं सापडल्याचा दावा. आपल्याकडे पेपरात ठळक बातमी आली होती, मलाही अभिमान वाटला होता, अजूनही वाटतो. पण थोड्याच महिन्यांत माद्रिदच्या एका गटाने दोन्ही नकाशे घेतले आणि एक खवचट प्रश्न विचारला. यात वासाचे ग्राहक किती? वास ओळखणारी ही प्रथिनं मुख्यतः नाकात असतात. दोन्ही नकाशांत नाकाचा नमुनाच नव्हता. तरी प्रत्येकात वासाची शंभराहून जास्त प्रथिनं "सापडली" होती! म्हणजे ओळख पटवायची चाळणी सैल होती. त्या माद्रिदवाल्यांनी नवा प्रयोग काहीच केला नाही, नाक हा निगेटिव्ह कंट्रोल आहे एवढंच ओळखलं. मला हा पेपर या विषयातला सगळ्यात देखणा वाटतो.

एक गोष्ट मात्र या सगळ्यात वेगळी पडते, ती हसून सांगता येत नाही. कंट्रोल कधी कधी माणसं असतात. १९५६ मध्ये हिमालयातल्या कांगडा खोऱ्यात रामलिंगस्वामी यांनी गलगंडावर प्रयोग सुरू केला. खोऱ्याचे तीन भाग. दोन भागांना आयोडीनयुक्त मीठ, मधल्या भागाला साधं. काही वर्षांत मीठ मिळालेल्या दोन भागांत गलगंड स्पष्ट कमी झाला, साध्या मिठाच्या भागात झाला नाही, आणि मग त्या भागालाही आयोडीनचं मीठ सुरू केलं. आज आपल्या डब्यात आयोडीनचं मीठ आहे त्याच्या मुळाशी हा पुरावा आहे. त्या मधल्या भागात त्या वर्षांत जी मुलं जन्मली ती आता साठी ओलांडलेली असतील.

आणि मीठ बदललं की मोजमापही बदलतं. अमेरिकेत अलाबामामध्ये १९५९ साली निरोगी माणसाची थायरॉइड चोवीस तासांत सरासरी २८.६ टक्के आयोडीन ओढायची. नंतर तिथल्या पावात आयोडीन मिसळलं जाऊ लागलं, ग्रंथीची भूक भागली, आणि १९६० च्या दशकाच्या शेवटी तीच सरासरी १५.४ वर आली. ज्या डॉक्टरने जुनाच तक्ता भिंतीवर ठेवला असेल त्याला सगळा गाव आजारी वाटला असणार.

सायरस ३१ डिसेंबर २०१० ला कायमची बंद झाली. ध्रुव चालू आहे. आत्या ठणठणीत आहे, रोज सकाळी थायरॉइडची गोळी घेते, कारण आयोडीनच्या उपचाराने ग्रंथी शांत केली ती जरा जास्तच शांत झाली. असं बऱ्याच जणांचं होतं.

रविवारी तिच्याकडे चहाला गेलो तेव्हा लॅपटॉपवर तिला तो तक्ता दाखवला. स्नायूंच्या ओळीत एसएलसी-५-ए-५ जवळजवळ शून्य. म्हटलं, बघ, तुझी मांडी. तिने चष्मा लावून ओळ नीट वाचली आणि विचारलं, हा स्नायू कुठला घेतलाय यांनी? मला ठाऊक नव्हतं. तिथेच बसून प्रकल्पाची नमुने घेण्याची माहिती उघडली. जीटेक्सने मांडीचा स्नायू घेतलेलाच नाही. पोटरीचा घेतलाय.